तारीख लिहून ठेवा: कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला आणि तक्रारीनंतर कंपनी उलटली तर काय करायचं

तक्रार केली म्हणून दुसऱ्याच दिवशी बाईला नोकरीवरून काढलं, असं सहसा होत नाही. आठवडाभर सगळे शांत असतात. मग ज्या मीटिंगला ती तीन वर्षं बसत होती, तिचं निमंत्रण येणं थांबतं. तिचं काम 'तात्पुरतं' दुसऱ्याकडे जातं. दोन महिन्यांनी अप्रेझलमध्ये 'सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत' असा शेरा पडतो आणि सहाव्या महिन्यात बदलीचा कागद हातात येतो. त्या कागदावर छळाचा किंवा तक्रारीचा एक शब्दही नसतो.

काही वर्षं मी कंपन्यांमधल्या लैंगिक छळाच्या तक्रारी तपासणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले. समोरची बाई खरं बोलते आहे हे खोलीतल्या सगळ्यांना जाणवतंय, पण तिच्याकडे तारखा नाहीत, आणि दुसऱ्या बाजूकडे मेमो, शेरे, सहीशिक्क्याचे कागद आहेत, असे दिवस मी पाहिले आहेत. त्या दिवसांची बोच अजून गेलेली नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत मी तारखेचा आणि कागदाचा इतका आग्रह धरणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या ज्या २०१३ च्या कायद्याबद्दल इथे लिहिलं आहे, त्यात तक्रार फक्त स्त्रीला करता येते. इतरांना कंपनीचं धोरण, सेवानियम आणि बाकीचे कायदे यांचा आधार घ्यावा लागतो. पण नोंदी ठेवण्याबद्दल आणि सुडाबद्दल जे लिहिलं आहे, ते त्यांनाही उपयोगी पडेल.

कायदा कशाला छळ म्हणतो

१९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखण्याचं सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणचा छळ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. आपल्याकडे आजही अनेक कार्यालयांत 'विशाखा समिती' हेच नाव तोंडी आहे ते त्यामुळे. निकालातली मार्गदर्शक तत्त्वं नीट पाळली जात नव्हती. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पाठवलेल्या पत्राची याचिका झाली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने राज्यांना आणि मालकांना पुन्हा खडसावलं. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला, तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

या कायद्याचा सगळा भर एका शब्दावर आहे: नकोसं. नकोसा स्पर्श किंवा जवळीक, शरीरसंबंधांची मागणी, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि बोलून, नजरेने किंवा हावभावाने केलेलं तसलं कुठलंही वर्तन. स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केलं आहे. 'हात तर लावला नाही ना' असं कुणी म्हणालं, तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

कायद्यातलं आणखी एक कलम फारसं कुणी वाचत नाही, पण सुडाच्या संदर्भात तेच सगळ्यात कामाचं आहे. 'ऐकलंस तर बढती देतो' असं आमिष, 'नाही म्हणालीस तर बघ' अशी धमकी, नोकरीच्या आजच्या किंवा पुढच्या स्थितीबद्दल दिलेली भीती, कामात मुद्दाम आणलेले अडथळे, तब्येतीवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक. या गोष्टी लैंगिक वर्तनाशी जोडलेल्या असतील तर त्या छळातच मोडतात. हे आमिष किंवा धमकी उघड शब्दांत दिलेली असायलाच हवी असंही नाही.

कायम, कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, विनावेतन काम करणारी, घरकामगार या सगळ्यांना हा कायदा लागू होतो. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा 'कामाचं ठिकाण' धरलं जातं.

पहिली पायरी: त्याच रात्री लिहा

तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं तरी लिहा. लिहिलं म्हणजे तक्रार केलीच पाहिजे असं नसतं. मात्र लिहिलं नाही, तर चार महिन्यांनी तक्रार करावीशी वाटेल तेव्हा हातात काहीच उरत नाही.

एक साधी वही घ्या. दिवस, तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते जमेल तितकं त्याच्याच शब्दांत, तुम्ही काय उत्तर दिलंत, आसपास कोण होतं, नंतर कुणाला सांगितलंत. शिवी असेल तर शिवीच लिहा, 'अपशब्द वापरले' असं नको. चौकशीत 'अयोग्य बोलले' या दोन शब्दांची किंमत फार कमी असते, प्रत्यक्ष वाक्याची खूप असते. पानांना क्रमांक द्या, मध्ये पानं फाडू नका, खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून पुढे जा. ही वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवरही नको, कारण तो लॅपटॉप कुठल्याही दिवशी परत मागितला जाऊ शकतो.

मग जवळच्या एका माणसाला मेसेज करा. बहीण, मैत्रीण, नवरा, कुणीही. 'आज संध्याकाळी साहेबांनी असं केलं' एवढा मेसेजही पुढे मोठा आधार ठरतो, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते आणि तो तक्रारीच्या आधीचा असतो. एकांतात घडलेल्या गोष्टीला प्रत्यक्ष साक्षीदार नसतो हे समितीलाही माहीत असतं. अशा वेळी ती बाई त्या दिवशी कुणाशी काय बोलली, हे पाहिलं जातं.

व्हॉट्सअॅपचे मेसेज डिलीट करू नका, अगदी स्वतःचेही. मधलेच चार मेसेज दाखवले तर 'बाकीचे का लपवले' हा प्रश्न येतो, तेव्हा अख्खा चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फोन बदलायचा असेल तरी जुना जपून ठेवा. पोलिसांत किंवा न्यायालयात गेलात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की काम सोपं होतं.

आणि आता जे सांगते आहे ते जवळजवळ सगळ्या जणी विसरतात. तक्रार देण्यापूर्वी तुमच्या चांगल्या कामाचे कागद गोळा करा. मागच्या दोन-तीन वर्षांची अप्रेझल, पगारवाढीची पत्रं, वरिष्ठांनी कौतुकाने पाठवलेले मेल, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं धोरण. पुढे तुमचं काम अचानक 'खराब' झालंच, तर तक्रारीच्या आधी ते कसं होतं हे दाखवणारे हेच कागद असतील. तक्रार गेल्यानंतर काही वेळा लॉगइन बंद होतं, मग ते मिळत नाहीत. मात्र हात फक्त स्वतःच्या कागदांना लावा. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीचा गोपनीय मजकूर स्वतःच्या मेलवर पाठवलात, तर तुमच्यावरच कारवाई करायला आयतं निमित्त मिळतं.

दुसरी पायरी: तक्रार नेमकी कुणाकडे

जिथे १० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधले, एक सदस्य बाहेरचा आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तो आधी शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. कितीतरी ठिकाणी तक्रार आल्यावर घाईघाईने समिती 'तयार' होते आणि आदेशावर जुनी तारीख पडते.

बाहेरचा सदस्य कोण आहे तेही पाहा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका सरकारी बँकेच्या प्रकरणात हा बाहेरचा सदस्य म्हणजे बँकेच्याच पॅनेलवरचा वकील होता. समितीवर स्वतंत्र माणूस हवा असं न्यायालयाने त्या वेळी बजावलं. तुमच्या समितीत असं काही असेल तर पहिल्याच पत्रात हरकत नोंदवा.

माणसं १० पेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तिच्यावर महिला व बालविकास किंवा समाजकल्याण खात्याचा जिल्ह्याचा अधिकारी पदसिद्ध सदस्य असतो, म्हणून पत्ता लागत नसेल तर त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारा. तालुक्याला आणि शहरात प्रभागाला एक नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार घेऊन ७ दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. घरकामगारांचीही तक्रार इथेच होते. त्यांच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर समितीने ७ दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते.

एचआरला केलेला फोन ही तक्रार नाही. मॅनेजरच्या केबिनमध्ये रडून सांगितलं, तीही नाही. 'बघतो, मी त्याच्याशी बोलतो' या उत्तरावर विसंबून महिने जातात आणि मुदत संपते.

तिसरी पायरी: मुदत आणि मजकूर

शेवटच्या घटनेपासून ३ महिने. योग्य कारण असेल तर समिती ते लिहून ठेवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे दार बंद होतं, आणि ते किती घट्ट बंद होतं हे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेल्या विद्यापीठाच्या एका प्रकरणात दिसलं. छळाची शेवटची घटना जुनी होती. त्यानंतर पदावरून हटवण्यासारखे प्रशासकीय निर्णय झाले होते. ते आधीच्या लैंगिक छळाचाच पुढचा भाग आहेत हे न्यायालयाने मान्य केलं नाही, आणि तक्रार मुदतीबाहेरची ठरली. मी यातून इतकंच घेते की सुडाची कारवाई झाल्यावर जुना छळ बाहेर काढू असा हिशेब अजिबात करू नका. छळाची तक्रार छळाच्या मुदतीतच गेली पाहिजे.

तक्रार लेखी हवी. नियमाप्रमाणे पुराव्यांसह ६ प्रती द्यायच्या असतात. एका जास्तीच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि तीच तक्रार मेलनेही पाठवा. लिहिता येत नसेल किंवा सुचत नसेल, तर मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं आणि सदस्यांचं काम आहे. आजारपणामुळे किंवा दुसऱ्या कारणाने स्वतः देता येत नसेल, तर ठरावीक परिस्थितीत तुमच्या वतीने दुसऱ्यालाही देता येते.

मजकूर साधा ठेवा. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात भक्कम तक्रारी दीड-दोन पानांच्या होत्या आणि त्यांत विशेषणं जवळजवळ नव्हती. सूर साधारण असा असू दे:

'दिनांक १२ मार्च रोजी सायंकाळी सुमारे ६.४० वाजता विभागप्रमुखांनी मला अहवाल पाहण्यासाठी त्यांच्या केबिनमध्ये बोलावले. अहवाल दाखवत असताना त्यांनी माझ्या कमरेवर हात ठेवला. मी बाजूला झाले व "सर, हे चालणार नाही" असे म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "अप्रेझल जवळ आलंय, विचार कर." मी बाहेर आले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी महिलेने मला थरथरताना पाहिले. रात्री ८.१५ वाजता मी माझ्या बहिणीला मेसेज केला, त्याची प्रत सोबत जोडली आहे.'

घटना क्रमाने, प्रत्येकीला वेगळा परिच्छेद, शेवटी साक्षीदारांची नावं, पुराव्यांची यादी आणि तुम्हाला काय हवंय ते. 'यांचं चारित्र्यच वाईट आहे' अशी वाक्यं गाळा. ती कितीही खरी असली तरी सिद्ध करण्याचं ओझं तुमच्याच डोक्यावर येतं.

चौथी पायरी: त्याच दिवशी संरक्षण मागा

तक्रारीच्या पाकिटात दुसरा अर्ज ठेवा, अंतरिम दिलासा मागणारा. चौकशी चालू असेपर्यंत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची किंवा तुमची बदली, तुमच्या हक्काच्या रजेशिवाय वेगळी ३ महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याने तुमच्या कामाचं मूल्यमापन करू नये, गोपनीय शेरा लिहू नये असा आदेश, यांची शिफारस समिती करू शकते. पण तुम्ही लेखी मागितलं तरच. समितीने शिफारस केली की मालकाने ती अंमलात आणून समितीला कळवायचं असतं.

मूल्यमापनाचा मुद्दा कधीही सोडू नका. सुडाची निम्मी हत्यारं अप्रेझलमध्ये असतात. आणि बदली मागताना त्याची मागा. 'तुमच्याच सोयीसाठी' म्हणून तुम्हालाच दुसऱ्या शाखेत पाठवायचं सुचवतील. तुम्हाला ते मनापासून हवं असेल तर घ्या, नको असेल तर तसं लेखी सांगा.

चौकशीचे दिवस

समितीने तक्रारीची प्रत ७ कामाच्या दिवसांत त्याच्याकडे पाठवायची, त्याने १० कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि सगळी चौकशी ९० दिवसांत संपवायची. साक्षीदाराला बोलवायचे आणि कागद हजर करायला लावायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत. तेव्हा सीसीटीव्हीचं चित्रण, गेटवरची नोंदवही, मेलचे रेकॉर्ड हवे असतील तर पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या, चित्रण फार दिवस राहत नाही. वकील कुणालाच आणता येत नाही. बाहेर त्याचा सल्ला घेता येतो आणि घ्यावाच. न कळवता सलग ३ सुनावण्यांना गैरहजर राहिलात, तर समिती १५ दिवसांची नोटीस देऊन चौकशी बंद करू शकते, म्हणून येता येणार नसेल तर आधी मेल करा.

प्रत्येक सुनावणीनंतर तुमच्या जबाबाची प्रत वाचूनच सही करा. न बोललेलं वाक्य आत असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

समेटाचा विषय निघेल. कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती फक्त तक्रार करणारीने मागितली तर, आणि पैसे हा समेटाचा आधार असू शकत नाही. समितीनेच 'मिटवून टाका' म्हणणं बरोबर नाही.

'खोटी निघाली तर तुझ्यावरच कारवाई' ही भीती तर हमखास घातली जाते. कायद्यात खोट्या तक्रारीचं कलम आहे, पण त्यासाठी वाईट हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. पुरावा कमी पडला एवढ्यावरून ते लागू होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. ते कलम छापून जवळ ठेवा.

गोपनीयतेचंही असंच. तक्रार, नावं आणि चौकशीतला मजकूर लोकांत, वर्तमानपत्रांत, समाजमाध्यमांवर उघड करायला बंदी आहे. म्हणजे ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं नाव टाकायचं नाही. पण वकिलाशी, डॉक्टरशी, पोलिसांशी बोलायला ही बंदी आड येत नाही. 'कुणालाही सांगायचं नाही' असं बजावून बाईला एकटं पाडणं हा गोपनीयतेचा अर्थ नव्हे.

सूड सुरू झाला की

२०१३ च्या कायद्यात 'सूड' असं नाव असलेलं वेगळं कलम नाही. ही त्याची उणीव आहे आणि मला ती फार मोठी वाटते. तरीही हात बांधलेले नाहीत, कारण लढायला पुढचे चार रस्ते आहेत. चारही ठिकाणी एकच गोष्ट दाखवावी लागते: तक्रारीची तारीख आणि त्यानंतर बदललेली वागणूक यांचा संबंध.

वहीत आता दोन रकाने करा. डावीकडे तक्रारीपूर्वीची स्थिती, उजवीकडे नंतरची. मीटिंगची निमंत्रणं, कामाचं वाटप, रजा मंजूर व्हायला लागलेले दिवस, बसायची जागा, पाळी, शेरे. एकेक गोष्ट किरकोळ दिसते आणि एकेकट्या गोष्टीवर तुम्ही बोललात तर 'अतिसंवेदनशील' ठरवलं जातं. दहा गोष्टी तारखांसह एका पानावर आल्या की चित्र बदलतं.

तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मेलवर आणा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून 'उद्यापासून तुम्ही या प्रोजेक्टवर नाही' म्हटलं, तर अर्ध्या तासात मेल: 'आज सकाळी ११ वाजता आपण मला सांगितल्याप्रमाणे मी उद्यापासून या प्रकल्पावर काम करणार नाही. या बदलाचं कारण कृपया लेखी कळवावं. माझी अंतर्गत समितीकडची तक्रार दिनांक अमुकपासून प्रलंबित आहे.' शेवटचं वाक्य प्रत्येक मेलमध्ये हवं. ते वाचलं की पुढचा कागद काढण्यापूर्वी समोरचा माणूस विचार करतो. आणि नाही केला, तर निदान सगळं माहीत असताना केलं हे सिद्ध होतं.

कारणे दाखवा नोटीस किंवा मेमो आला तर रागाच्या भरात तिथल्या तिथे उत्तर लिहू नका, पण उत्तराची मुदतही चुकवू नका. स्वीकारताना 'मजकूर मान्य नाही, प्रत मिळाली' असं लिहून तारखेसह सही करा. कामगिरी सुधारण्याच्या नावाखाली पीआयपीवर (ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा, अशा लेखी योजनेवर) टाकलं, तर आधीची अप्रेझल जोडून लेखी हरकत घ्या आणि तरीही दिलेलं काम पूर्ण करत राहा. वेळेवर जा, हजेरी लावा. या काळात तुमची बारीक चूकही शोधली जाणार आहे.

आता ते चार रस्ते. पहिला समितीचा. चौकशी चालू असेल तर सुडाच्या घटनांचं पुरवणी पत्र समितीला द्या आणि अंतरिम आदेश पुन्हा मागा. दुसरा, मालकाच्या कर्तव्यांचा. सुरक्षित वातावरण देणं आणि समितीला सहकार्य करणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. समितीच नेमली नाही, शिफारशीवर कारवाई केली नाही किंवा कायद्यातल्या इतर तरतुदी मोडल्या, तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट आणि परवाना किंवा नोंदणी रद्द होण्याचीही तरतूद आहे. ही तक्रार पीडित स्त्री स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते.

तिसरा रस्ता नोकरीच्या कायद्यांचा. आकसाने केलेली बदली, निलंबन, बडतर्फी यांना आव्हान देता येतं. कामगार या व्याख्येत बसत असाल तर कामगार यंत्रणा आणि कामगार न्यायालय, सरकारी नोकरीत असाल तर प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय, खासगी कंपनीत व्यवस्थापकीय पदावर असाल तर करार आणि दिवाणी न्यायालय. कुठल्या दारात जायचं हे पदावर आणि कामाच्या स्वरूपावर ठरतं आणि मुदती आखूड असतात, तेव्हा कागद हातात पडला की त्याच आठवड्यात नोकरीविषयक कायद्याच्या वकिलाला भेटा. वर ज्या बँकेच्या प्रकरणाचा उल्लेख केला, त्यात महिला अधिकाऱ्याने शाखेतल्या गैरव्यवहारांबद्दल कळवलं होतं, वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रारही केली होती, आणि तिची लांब बदली झाली होती. बदली हा नोकरीचा भाग असला तरी इथे ती आकसाने केली आहे असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने बदली रद्द ठरवली आणि बँकेला तिला ५०,००० रुपये खर्चही द्यायला लावला. बदलीच्या आधीचा तिचा सगळा पत्रव्यवहार न्यायालयासमोर होता.

चौथा रस्ता पोलिसांचा. त्याबद्दल पुढे.

एक कळकळीची विनंती. राजीनामा देऊ नका, निदान वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. सूड घेणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. 'वैयक्तिक कारणांमुळे' हे तीन सेकंदांत टाइप होणारे दोन शब्द पुढची सगळी वाट अवघड करतात. तब्येतीसाठी किंवा जिवाच्या भीतीने सोडावीच लागली, तर तेही योग्यच आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त पत्रात खरं कारण लिहा: अमुक तारखेला तक्रार, त्यानंतर हे हे घडलं, म्हणून नाइलाजाने राजीनामा. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या कागदांमध्ये 'माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही' अशी ओळ घुसवलेली असते, ती शोधून वाचा. 'सही केलीत तरच एक्स्पिरियन्स लेटर' म्हणाले तर ती अट मेलवर मागा. नोकरी सोडल्यानंतरही, मुदतीत असाल तर, तुम्हाला समितीकडे तक्रार करता येते.

पोलिस

समिती आणि पोलिस हे दोन वेगळे मार्ग आहेत, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एफआयआर करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. ३ महिन्यांची अट इथे लागू नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते: कलम ७५ लैंगिक छळाचं, ७४ विनयभंगाच्या उद्देशाने केलेल्या बळजबरीचं, ७८ पाठलागाचं, ७९ विनयभंग करणाऱ्या शब्द किंवा हावभावांचं. त्याआधीच्या घटना जुन्या दंडसंहितेत जातात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवावी लागते. या गुन्ह्यांत माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. अंगावर हात टाकला असेल, धमकी असेल, कुणी घरापर्यंत येत असेल, तर समितीची वाट पाहू नका, ११२ वर फोन करा.

सोबतीला असणाऱ्यांसाठी

साक्षीदार सहकाऱ्यांनाही त्रास होतो, कधीकधी तक्रार करणारीपेक्षा जास्त. तुम्ही काही पाहिलं असेल तर तारखेसह लिहून ठेवा, तिला एकटीला जेवायला बसू देऊ नका, आणि तिच्या परवानगीशिवाय कुणाशी चर्चा करू नका.

पैसा आणि मन

झोप उडणं, छातीत धडधड, ऑफिसच्या दारात पाय न उचलणं याबद्दल डॉक्टरकडे जा. आधी स्वतःसाठी जा. शिवाय नुकसानभरपाई ठरवताना समिती मानसिक त्रास, गेलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि दोषी माणसाची आर्थिक स्थिती पाहते, म्हणून चिठ्ठ्या आणि बिलं जपा.

वकिलाला पैसे नाहीत हे कारण अडवू देऊ नका. विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. राज्य महिला आयोगाकडेही अर्ज करता येतो.

अहवाल आल्यानंतर

चौकशी संपल्यापासून १० दिवसांत समिती मालकाला अहवाल देते आणि दोन्ही बाजूंना तो मिळायला हवा. नाही मिळाला तर लेखी मागा, कारण शिफारशींविरुद्ध अपील करायला ९० दिवसच असतात. दोष सिद्ध झाला तर लेखी माफीपासून बढती रोखणं, नोकरीवरून काढणं आणि पगारातून भरपाई वसूल करण्यापर्यंतच्या शिफारशी होऊ शकतात. त्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची असते. अहवाल मालकाकडे गेल्याची तारीख वहीत लिहा, ६० दिवस मोजा आणि ६१व्या दिवशी एक पत्र पाठवा: 'समितीच्या अहवालातील शिफारशींवर आपण काय कारवाई केली, ते कृपया लेखी कळवावे.' त्याची पोच घ्या.